आठ पिल्लांची पारख

तावडेकाकांनी आत्याला घालून दिलेला नियम अगदी सोपा होता: कोंबड्या ठेवा, कोंबडा नको. तावडेकाका आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. विमानतळावर मालाच्या गोदामात त्यांची रात्रपाळी असे. सकाळी सातला घरी यायचं, आंघोळ करायची, चहा-चपाती खायची आणि दुपारपर्यंत झोपायचं, असा त्यांचा दिवस. माझ्या दहावीच्या आदल्या वर्षी आत्याने गावाहून एक कोंबडा आणला होता. तो वेळकाळ न बघता दिवसभर आरवायचा. आठव्या दिवशी तावडेकाका लुंगीवरच आमच्या मागच्या दारी आले आणि हात जोडून म्हणाले, "आक्का, मी माणूस आहे हो."

आत्या तेव्हा मागे हटली नव्हती. डोक्यावरून एक विमान इतक्या खालून गेलं की पत्र्यावरचा डबा थरथरला. जोगेश्वरीत आमच्या टेकडीच्या उतारावर विमानं अशीच जायची. ते गेल्यावर आत्या आकाशाकडे बोट करून म्हणाली, "आदी त्या विमानांका सांगा गप रवाक, मगे माज्या कोंब्याक सांगा." तावडेकाका हसले, पण नियम पक्का झाला. एक जरी बांग ऐकू आली तर सगळ्याच कोंबड्या जातील, आणि तसं चाळीच्या कमिटीकडून लेखी येईल. आत्याने तो कोंबडा दुसऱ्या दिवशी ओळखीच्या घरी पाठवला आणि संध्याकाळी जेवताना बाबांना सांगून टाकलं, "कोंबडी गेली तर मी पण गेलंय समज. हयसर मी दुसरा काय करू?"

हे ती चिडून बोलली नव्हती, म्हणूनच ते मला खरं वाटलं. आत्या बाबांची सगळ्यात मोठी बहीण. लग्न केलं नाही, गावचं घर एकटीने सांभाळलं. गुडघे दुखायला लागल्यावर बाबा तिला जवळजवळ उचलूनच मुंबईला घेऊन आले. आमची बैठी चाळ. दोन खोल्या, आणि मागे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारा जेमतेम दोन खाटा मावतील एवढा मोकळा तुकडा. त्या तुकड्यावर आत्याने महिन्याभरात अळू लावला, जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खुराडं केलं आणि तिथेच राहू लागली म्हटलं तरी चालेल. गावाला तिला बघणारं कोणी उरलं नव्हतं. घराला कुलूप होतं. ती परत गेली असती तर त्या कुलपामागे एकटीच राहिली असती, दुखऱ्या गुडघ्यांनी विहिरीचं पाणी काढत.

मला ती हवी होती, याचं कारण मात्र माझं स्वतःचं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकत होते. घरी मराठी बोलायचे, पण बोलायच्या आधी अख्खं वाक्य मनात जुळवून घ्यायचे, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असत. चाळीतल्या मुली मला 'मॅडम' म्हणायच्या. वाईट अर्थाने नाही, पण खेळायला बोलावतानाही 'येणार का मॅडम?' असं विचारलं की मी नाही म्हणायचे. आत्याजवळ बोलावं लागत नसे. ती भाकरी थापत असली की मी बाजूला बसायचे, ती सुकटाची चटणी कुटत असली की मी लसूण सोलायचे. ती एकटीच बोलत राहायची, अर्धं माझ्याशी, अर्धं कोंबड्यांशी. मी काही बोलले नाही म्हणून तिने कधी विचारलं नाही की काय झालं. आता नोकरीत मी रोज पंधरा माणसांसमोर बोलते, तेही बरं बोलते असं लोक म्हणतात. पण बोलणं आणि न बोलणं दोन्ही चालेल अशी जागा मला अजून तरी दुसरी सापडलेली नाही.

माझी दहावीची परीक्षा चालू होती त्याच दिवसांत तांबडी कोंबडी रवणीला बसली. म्हणजे अंडी उबवायला जागेवरून हलेना, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरायची. आमच्याकडची अंडी कोंबड्याविना झालेली, त्यांतून काही निघणार नव्हतं. मग आत्याने रोझीमावशींना सांगितलं. रोझीमावशी मनोरीहून मासे घेऊन यायच्या. पहाटेच्या बोटीने मार्वेला उतरायच्या आणि नऊ वाजेपर्यंत आमच्या दारात टोपली टेकवायच्या. त्यांच्या परसात कोंबड्यांचा मोठा कारभार होता. त्यांनी भुशात गुंडाळून दहा अंडी आणली. "सगळी मिसळ हाय गो आक्का," त्या म्हणाल्या, "काही गावठी, काही त्या मोठ्या अंगाच्या सरकारी जातीची, आणि काही लेकाने काळी कोंबडी आणलीन् तिची. कुठलं कोणाचं ते मला नको विचारू."

आत्याने एकेक अंडं उचलून बघितलं. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी, असं तिचं ठाम मत होतं. तिने दहातली सहा 'कोंबी' ठरवली आणि समाधानाने दहाच्या दहा तांबडीखाली सरकवली. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन खुराड्याशेजारी बसायचे. माझा इतिहास आणि तांबडीची अंडी एकवीस दिवस शेजारी शेजारी चालली. शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा खुराड्यातून चिवचिव येत होती. आठ पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली, ती आत्याने अळवाच्या मुळाशी पुरली.

पुढचे अडीच महिने मला दुसरं काही काम नव्हतं, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी कशाकडे तरी इतकं बघितलं. एका कोऱ्या वहीत मी आठ पानं केली, प्रत्येक पिल्लाला एक. आत्या तांदळाची कणी भिजवून टाकायची, पिल्लं तिच्या बांगड्यांचा आवाज ओळखून धावायची, आणि मी लिहायचे: कोण आधी येतं, कोण कोणाला टोचतं, कोणाला शेपटीची पिसं लवकर फुटली. आत्याच्या परीक्षा वेगळ्या होत्या. पिल्लू पायांना धरून उलटं करायचं: मान वर उचलून धडपडलं तर कोंबडा, गप लटकलं तर कोंबडी. एकच पिल्लू सोमवारी कोंबडा निघे आणि गुरुवारी कोंबडी, पण ते आत्या लक्षात ठेवत नसे. मोबाईलवर मी बघितलं की काही ठिकाणी पहिल्याच दिवशी पंखांची पिसं बघून नर-मादी सांगतात. मी उत्साहाने सगळ्यांचे पंख उघडून बघितले. नंतर पुढे वाचलं की ती खूण फक्त ठरावीक जातींच्या जोड्यांतच चालते, आमच्यासारख्या मिसळीत नाही. मग ते पान मी खोडलं.

"काय गो केतू, काय लिवतंस इतक्या?" आत्या विचारायची.

"असंच."

"लिव. पण कोंबो काय कोंबी ता वहीत नाय कळणा. तुऱ्यात कळता."

तुऱ्याचं तिचं म्हणणं खरंच होतं. दीड-दोन महिन्यांनी नर पिल्लांचा तुरा उंच आणि लाल होऊ लागतो, माद्यांचा फिकट आणि बुटका राहतो. गावी तिने हेच बघितलं होतं आणि ती कधी चुकली नव्हती, कारण गावी सगळ्या कोंबड्या एकाच वाणाच्या, गावठी. आठांतली दोन पिल्लं अशी सरळ लालभडक तुऱ्याची निघाली. तीन सरळ माद्या. उरली तीन. एक कुळकुळीत काळं, ज्याला आत्या काळी म्हणायची. एक सगळ्यांच्या दीडपट वाढलेलं, खांबासारख्या पायांचं आणि भांडखोर, ते पैलवान. आणि एक करड्या रंगाचं बारीकसं, राखी. आत्याने निकाल दिला: पैलवान कोंबडा, काळी आणि राखी कोंबड्या.

माझ्या वहीत निकाल वेगळा होता. काळीचा तुरा लाल नव्हता, हे खरं. पण तो लाल होणारच नव्हता. त्या जातीची कातडीच काळी असते. चोच काळी, पाय काळे, जीभसुद्धा काळी. रंग सोडून नुसता आकार बघितला तर काळीचा तुरा त्या दोन नरांइतकाच उंच होता, आणि शेपटीजवळ पाठीवर नवी पिसं फुटत होती ती भाल्यासारखी टोकदार. पैलवानाचं उलट. अंग थोराड, कारण जातच थोराड. पण तुरा नखाएवढा आणि पिवळट, आणि पाठीवरची पिसं गोल.

दिवस थोडेच होते. जूनमध्ये होड्या बंद झाल्या की रोझीमावशी दोन-अडीच महिने यायच्या नाहीत. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी त्या कोंबडे घेऊन जाणार, असं ठरलं होतं. त्यांच्याकडे गेलेला कोंबडा सणापर्यंत मजेत राहतो, एवढं त्यांनी सांगितलं होतं. सणानंतरचं कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे पैलवान फुकट जाणार होती आणि काळीच्या रूपाने एक कोंबडा भर पावसाळ्यात तावडेकाकांच्या भिंतीपाशी राहणार होता.

मी आईला सांगितलं. आई डबा भरत होती. "मग वन्संना सांग की."

"तू सांग ना."

"मी? मला कोंबडी ताटात वाढल्यावरच ओळखता येते. मी त्यांना शिकवू?"

मग मी चिठ्ठी लिहिली. चित्रं काढली, दोन तुरे, दोन पिसं, खाली मोठ्या अक्षरांत नावं. आत्या सकाळी सगळ्यात आधी कणीचा डबा उघडते म्हणून त्यात ठेवली. सकाळी मागच्या दारी गेले तर माझी चिठ्ठी जमिनीवर नीट पसरलेली, तिच्यावर कणी, आणि काळी माझ्याच चित्रावर टोच मारत होती. "बरो कागद गावलो," आत्या म्हणाली. "चिखलात दाणे जातत नाय तर."

रविवारी सगळे मागच्या दारी जमले. बाबा, आई, ड्यूटीवरून आलेले तावडेकाका हातात आमच्याच घरचा चहा घेऊन, आणि रिकामी टोपली पुढे ठेवून पायरीवर बसलेल्या रोझीमावशी. "आक्का, लवकर कर गो, माझी बोट जाईल," त्या दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या. आत्याने केस नीट बांधले होते. तिचा परीक्षेचा दिवस असल्यासारखी ती एकेक पिल्लू पकडत होती. दोन लाल तुरेवाले टोपलीत गेले. मग तिने पैलवानाला पकडलं. ती तिच्या हातातून निसटायला बघत होती.

"ह्यो बघा," आत्या तावडेकाकांना म्हणाली, "ह्यो तुमचो खरो वैरी. हेचो आवाज एअरपोर्टापर्यंत इलो असतो." पैलवान टोपलीत गेली. तिने काळीला कुरवाळून खाली सोडलं. "आणि ही माजी शाणी. ही रवतली."

माझं वाक्य जुळलेलं नव्हतं. सुरुवात कशी करावी तेच कळत नव्हतं, कारण सुरुवात केली की आत्या सगळ्यांसमोर चुकली असं होणार होतं. रोझीमावशींनी टोपलीवर जाळी ओढली. मी म्हणाले, "ती कोंबडी आहे. पैलवान. आणि काळी कोंबडा आहे."

माझाच आवाज मला इतका मोठा वाटला की मी दाराची चौकट धरली.

"काय?" तावडेकाका म्हणाले.

"केतकी," बाबा म्हणाले, "आत्याला कळत नाही का? चाळीस वर्षं..."

"तू गप रव," आत्या बाबांना म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. रागावली होती की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. "तिका बोलाक दी. बोल गो. कशावरसून?"

मी खाली बसले आणि काळीला पकडलं. हे मला जमत होतं. चोच अलगद उघडून जीभ दाखवली. "ही आतूनसुद्धा काळी आहे. त्यामुळे तुरा लाल दिसणारच नाही. रंग बघू नको आत्ये, उंची बघ." मी रोझीमावशींना टोपलीतला एक नर तिच्या शेजारी धरायला लावला. तुरे सारखेच होते. "आणि हे पीस बघ. टोकदार आहे. पैलवानाचं गोल आहे. ती मोठी आहे कारण तिची जात मोठी आहे."

आत्याने काळीला माझ्याकडून घेतलं. तिने डोळे मिटले आणि पाठीवरची पिसं अंगठा-तर्जनीत धरून हळूहळू ओढत राहिली, भाताची लोंबी चाचपतात तशी. मग जाळी उचलून पैलवानाचीही तशीच बघितली. रोझीमावशींनी बोटीचं नाव काढलं नाही. आत्याने काहीच न सांगता पैलवानाला बाहेर काढलं, काळ्याला आत ठेवलं आणि जाळी लावली.

"चेडू सांगता ता खरा," ती म्हणाली. आणि लगेच तावडेकाकांकडे वळून, "हसा नको. तुमका तरी कळलेला?"

"मला तर दोन्हींत चिकनच दिसत होतं," तावडेकाका म्हणाले, आणि सगळे हसले, आत्या सगळ्यात जास्त. हसता हसता तिने माझ्या पाठीत एक चापट मारली, जोरातच. मग म्हणाली, "आता ह्या उरलेल्यांचा पण तूच सांग."

तीन माद्या मी पटकन सांगितल्या. राहिली राखी. तिचा तुरा ना उंच ना बुटका. पिसं काही टोकदार, काही गोल. माझ्या वहीत तिच्या पानावर नुसती प्रश्नचिन्हं होती. कोंबडा म्हणून टोपलीत टाकायला सांगितलं असतं तर आत्या, खुराडं, सगळं सुरक्षित राहिलं असतं. ते मला कळत होतं. ओठांवर आलंही होतं. पण आत्ताच मी खात्री असल्याशिवाय बोलू नये अशा गोष्टीवर सगळ्यांसमोर बोलले होते, आणि ते माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होते त्याची मला भीती वाटली.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माका पण कळाक नाय!" आत्या इतक्या आनंदाने म्हणाली की जणू तिला बक्षीस मिळालं. "कालपासून बघतंय, माका पण कळाक नाय. उगाच कोंबी म्हटलंय."

"मग काय करायचं?" बाबांनी तावडेकाकांकडे बघितलं. वरून विमान गेलं. ते पूर्ण जाईपर्यंत तावडेकाकांनी चहा संपवला. "ठेवा," ते म्हणाले. "पण आक्का, नियम तो नियम. आरवला तर..."

"आरवलो तर मी स्वता तेका घेवन गावाक जातलंय," आत्या म्हणाली. "कमिटीक लिवची गरज नाय."

म्हणजे माझ्या त्या दोन शब्दांवर आता तिचं राहणं टेकलं होतं. तो पावसाळा मी पिसं बघण्यात घालवला. कॉलेज सुरू झालं, नवीन मुली भेटल्या, पण उजाडायच्या आधी जाग यायची आणि मी ऐकत पडायचे. पलीकडे आत्याही जागी असायची. तिची कूस बदलल्याचा आवाज यायचा. एकदा राखीने मान ताणून दाराच्या बिजागरीसारखा काहीतरी आवाज काढला आणि आम्ही दोघी एकदमच उठून बसलो. आत्याने मला विचारलं, "तू ऐकलंस?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मी पण नाय." आणि आम्ही परत आडव्या झालो.

घट बसायच्या दोन दिवस आधी, सकाळी साडेसातच्या सुमारास, मागून प्रचंड आरडाओरडा सुरू झाला. एका दमात, थांबायचं नाव नाही. आई पोळपाट टाकून धावली. मी बाहेर गेले तोवर तावडेकाका गणवेशाची पँट आणि वर बनियन अशा अवतारात आमच्या मागच्या दारी उभे होते. त्यांच्या दोन्ही हातांत त्यांचं हेल्मेट होतं, पोटाशी धरलेलं, तांदळाचं पातेलं धरतात तसं. आत्या जागच्या जागी थिजली होती.

"आक्का," तावडेकाका म्हणाले, "ही बांग नाही ना?"

त्यांनी हेल्मेट खाली करून दाखवलं. आत अस्तरावर एक लहानसं अंडं होतं, पहिलं असतं तसं, एका बाजूला रक्ताचा बारीक ओघळ असलेलं. कडेच्या बोळात त्यांची स्कूटर होती, तिच्या सीटवर ते हेल्मेट उलटं ठेवायचे; राखी त्याच सीटवर उभी राहून सगळ्या चाळीला ते सांगत होती.

आत्याने अंडं उचललं, गालाला लावून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. ते अजून गरम होतं. मग ती खाली बसली, दुखरे गुडघे विसरून एकदम जमिनीवरच, आणि पदराने तोंड पुसत राहिली. तावडेकाका घाबरले. "अहो आक्का, चांगलंच झालं ना?"

"बरां झाला," ती म्हणाली. "बसा. पोळी करून घालतंय."

तावडेकाकांनी अंड्याची पोळी खाल्ली, बोटं चाटली, आणि झोपायला जाता जाता दारात थांबले. "पण ही उद्या परत हेल्मेटमध्येच बसणार असेल तर मी ड्यूटीला जाऊ कसा?"

"चलत," आत्या म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवं हेल्मेट आणलं. जुनं आमच्या खुराड्यात ठेवून गेले, आतलं अस्तर नीट दाबून.